गढूळ पाण्याची साक्ष

मातीचे धरण झिरपते. न झिरपणारे मातीचे धरण जगात कोठेही बांधले गेलेले नाही, आणि तसे बांधावे अशी कोणा जाणकाराची अपेक्षाही नसते. तरीही धरणाच्या पायथ्याशी ओल दिसली की खालच्या वाडीतले लोक धास्तावतात, अर्ज करतात. पाहणीला आलेले अधिकारी सांगतात, 'थोडे पाणी यायचेच.' दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असू शकते. पण कोणत्या वेळी कोणाचे बरोबर, हे ठरवायचे कसे? या एका प्रश्नाचे उत्तर शोधायला विज्ञानाला शंभर वर्षांच्या आसपास काळ लागला. ते उत्तर पाठ्यपुस्तकांत आले, संहितांत आले, कायद्यातही काही अंशी आले. सगळीकडे पोहोचले मात्र नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे धरण फुटले, भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि वीसच्या वर माणसे प्राणाला मुकली. धरणाला गळती आहे अशी तक्रार ग्रामस्थांनी आधीच केलेली होती.

तिवऱ्याचे धरण मोठे नव्हते. त्याची साठवण सुमारे २५ लाख घनमीटर, आपल्याकडच्या भाषेत लघुपाटबंधारे प्रकल्प. 'लघु' या शब्दाने मन निर्धास्त होते, म्हणून वर्गात एक साधे गणित करून पाहावे. २५ लाख घनमीटर म्हणजे २५ लाख टन पाणी. ते एका तासात बाहेर पडले तर दर सेकंदाला सरासरी सातशे टन पाणी डोंगरातल्या एका अरुंद ओढ्यातून जाणार. एखादा मालट्रक दहा टन माल नेतो असे धरले, तर सत्तर ट्रक दर सेकंदाला! लघु हे विशेषण कालव्याखालच्या जमिनीच्या हिशेबाने लावलेले असते. खालच्या वाडीच्या हिशेबाने नव्हे.

जवळजवळ एवढ्याच साठवणीच्या एका मातीच्या धरणापासून या विषयाचा आधुनिक इतिहास सांगण्याची प्रथा आहे. इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या वरच्या अंगाला डेल डाइक नावाचे धरण नुकतेच पुरे होत आले होते आणि त्यात पहिल्यांदाच पाणी भरत होते. साठवण सुमारे ३० लाख घनमीटर, उंची २९ मीटर. मध्यभागी चिखलमातीचा मळून घट्ट केलेला अरुंद गाभा आणि दोन्ही अंगांना साध्या मातीदगडाचा भराव, अशी त्या काळची सर्वमान्य रचना. ११ मार्च १८६४ रोजी संध्याकाळी धरणावरून घरी निघालेल्या एका कामगाराला भरावावर एक भेग दिसली. शहरातून अभियंत्याला बोलावून आणेपर्यंत रात्र झाली. पाण्याची पातळी उतरवावी म्हणून सांडव्याची भिंत सुरुंगाने उडविण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. साडेअकराच्या सुमारास धरण गेले. झोपेतल्या सुमारे २४० माणसांचा बळी गेला.

सरकारतर्फे तपासाला आलेल्या रॉबर्ट रॉलिन्सन यांचे लक्ष धरणाच्या पोटातून नेलेल्या दोन लोखंडी नळांकडे गेले. कंपनीच्या बाजूचे अभियंते म्हणाले की नळांचा दोष नाही, टेकडीच घसरली. दोन्ही पक्षांत नामवंत माणसे होती आणि वाद मिटला नाही. तो मिटणे शक्यही नव्हते, कारण मातीतून पाणी नेमके कसे जाते आणि जाताना मातीला काय करते हे मोजण्याची भाषाच तेव्हा तयार झालेली नव्हती. पुढे १९७८ मध्ये जी. एम. बिनी यांनी जुनी कागदपत्रे नव्या ज्ञानाच्या उजेडात तपासली. अरुंद गाभा आजूबाजूच्या भरावाच्या आधाराने जणू लटकून राहिला, त्याच्यावरचा दाब कमी पडला, पाण्याच्या दाबाने गाभ्याला चीर गेली आणि त्या चिरेतून माती आतल्या आत वाहून गेली, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे धरण आतून पोखरले गेले. वरची भेग हे केवळ त्याचे उशिरा दिसलेले लक्षण.

मोजण्याच्या भाषेतील पहिले वाक्य खरे तर या दुर्घटनेच्या आठ वर्षे आधी लिहिले गेले होते. १८५६ मध्ये हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या एका परिशिष्टात उभ्या नळात वाळू भरून केलेले प्रयोग आहेत. वाळूतून दर सेकंदाला जाणारे पाणी हे दोन टोकांमधील पाण्याच्या उंचीच्या फरकाच्या सम प्रमाणात आणि वाळूच्या थराच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, हा तो नियम. विद्युतधारेसाठी ओहमचा नियम शिकविणाऱ्या शिक्षकांना तो ओळखीचा वाटेल. डार्सीला पाणी गाळण्याच्या वाळूच्या टाक्यांची काळजी होती, धरणांची नव्हे.

धरणांपर्यंत हा विचार पोहोचला तो आपल्या देशातून, ही गोष्ट आमच्या मते शाळेत अवश्य सांगावी. गंगेवर नरोरा येथे कालव्यासाठी बांधलेला बंधारा वाळूच्या तळावर उभा होता. १८९८ मध्ये त्याची फरशी खालून येणाऱ्या पाण्याच्या दाबाने उचलली गेली आणि बंधारा निकामी झाला. भारतात काम केलेल्या डब्ल्यू. जी. ब्लाय या अभियंत्याने यातून एक सोपा ठोकताळा काढला. पाणी बांधकामाच्या तळाला चिकटून सरपटत जाते. ती वाट पुरेशी लांब ठेवा म्हणजे झाले. हिमालयातून येणाऱ्या नद्यांच्या बारीक वाळूत एक मीटर उंचीच्या पाण्यामागे पंधरा मीटर वाट, भरड वाळूत बारा मीटर. नियम वापरायला सोयीचा होता आणि जगभर वापरला गेला.

तरीही काही बांधकामे बिघडतच राहिली. १९२६-२७ च्या सुमारास पंजाबातील अपर चिनाब कालव्यावर बांधलेल्या काही सायफनांचा तळ पोखरला जाऊ लागला. अयोध्यानाथ खोसला यांनी त्यांच्या फरशीत नळ्या बसवून खालच्या पाण्याचा दाब प्रत्यक्ष मोजला. मोजलेला दाब ब्लायच्या हिशेबाशी जुळेना. १९३६ मध्ये खोसला, बोस आणि मॅकेंझी टेलर यांचा जो ग्रंथ निघाला त्यातला मुख्य मुद्दा असा: वाट किती लांब यापेक्षा वाटेच्या शेवटी, म्हणजे पाणी जमिनीतून वर बाहेर पडते तेथे, दाब किती तीव्रतेने उतरतो हे महत्त्वाचे. माती तेथूनच सुटते. एक कण गेला की त्याच्या मागचा कण उघडा पडतो, वाट थोडी आखूड होते, उतार आणखी तीव्र होतो, आणि पोखरण शेवटाकडून सुरू होऊन मागे मागे, जलाशयाच्या दिशेने सरकत जाते. अभियंते याला पायपिंग म्हणतात. मातीत नळी पडते म्हणून.

हा धोक्याचा उतार किती, हे आठवी-नववीच्या मुलांना आर्किमिडीजच्या तत्त्वावरून काढता येते. वाळूच्या कणांची घनता पाण्याच्या सुमारे २.६५ पट. पाण्यात बुडालेल्या कणाचे वजन त्यामुळे १.६५ च्या हिशेबाने उरते. वाळूत ४० टक्के पोकळी धरली तर प्रत्येक घनमीटरला उरलेले वजन १.६५ गुणिले ०.६, म्हणजे ०.९९ टन. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. तेव्हा एक मीटर जाडीच्या वाळूतून वर येताना पाण्याचा एक मीटर दाब खर्च होत असेल, तर वर ढकलणारे बल आणि वाळूचे वजन यांची जवळपास बरोबरी झाली. वाळू वजनरहित झाली! प्रयोग करायचा असेल तर प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत तळाशी नळी बसवून वर वाळू भरा आणि वाळूवर एक जड नाणे ठेवा. नळीतून पाणी हळूहळू सोडा. काही काळ पाणी गुपचूप वर येते, वाळू हलत नाही. मग एका क्षणी वाळू उकळल्यासारखी दिसते आणि नाणे बुडते. खोसला यांनी प्रत्यक्ष कामात या मर्यादेच्या जवळपासही जाऊ नये असे सांगितले. बारीक वाळूसाठी त्यांची शिफारस एक षष्ठांश ते एक सप्तमांश एवढीच आहे.

हे सारे वाळूवरील बंधाऱ्यांविषयीचे झाले. मातीच्या धरणाच्या पोटातही तोच खेळ चालतो, फक्त तेथे बाटलीसारखे आरपार दिसत नाही. आणि तेथेच कार्ल टेरझागी यांचे नाव येते. प्रागमध्ये जन्मलेला हा ऑस्ट्रियन अभियंता पहिल्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूलमध्ये शिकवीत होता. मिळेल त्या सामानातून उपकरणे जुळवून त्याने मातीवर प्रयोग केले, आणि १९२५ मध्ये त्याचा जो जर्मन ग्रंथ आला त्यापासून मृदायामिकी हे स्वतंत्र शास्त्र सुरू झाले असे मानतात. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या एका अगदी साध्या कल्पनेत आहे. झिरपणाऱ्या पाण्याला अडवू नका, मातीला अडवा. पाणी जेथे बाहेर पडते तेथे वाळूची गाळणी बसवा. वाळू इतकी भरड हवी की पाणी अडू नये, आणि इतकी बारीक हवी की मातीचे कण तिच्या फटींतून जाऊ नयेत.

किती भरड? तीन सारख्या गोट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर मधल्या फटीतून गोटीच्या व्यासाच्या सुमारे साडेसहाव्या हिश्श्याएवढा गोळा जेमतेम जातो. त्याहून मोठा अडकतो. टेरझागीचा नियम याच्याच आसपास आहे: गाळणीतील बारीक भागाचा कण मातीतील भरड भागाच्या कणाच्या चार-पाच पटींहून मोठा नसावा. मातीतले भरड कण फटींत अडकतात, त्यांच्यामागे मध्यम, त्यांच्यामागे बारीक. माती आपली गाळणी आपणच पुरी करते. हार्वर्ड विद्यापीठात बर्ट्रम यांनी १९४० मध्ये प्रयोगांनी हा नियम पक्का केला. मातीमागे वाळू, वाळूमागे खडी, खडीमागे पायथ्याचे दगड अशी उतरंड आजच्या धरणांत असते. पूर्वी पाठ्यपुस्तकांत पाणी शुद्ध करण्यासाठी एकावर एक माठांची गाळणी दाखवीत, त्या चित्राशी ही रचना ताडून पाहावी. तेथे पाणी स्वच्छ करायचे असते, येथे माती जागच्या जागी ठेवायची असते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. पायथ्याशी येणारे पाणी स्वच्छ असेल, वर्षानुवर्षे तेवढेच असेल आणि जलाशयाच्या पातळीबरोबर कमीजास्त होत असेल, तर अधिकाऱ्यांचे म्हणणे बहुधा खरे. पाणी गढूळ असेल, किंवा जलाशयाची पातळी तीच असताना वाढत असेल, तर धरण आतून वाहून जात आहे; मग वाडीतल्या लोकांचे म्हणणे खरे, आणि त्यांच्याजवळ वेळ थोडा आहे. किती थोडा, हे अमेरिकेत आयडाहो राज्यातील टेटन धरणाने दाखवून दिले. ९३ मीटर उंचीचे, आधुनिक यंत्रांनी बांधलेले हे मातीचे धरण पहिल्यांदाच भरत होते. ३ जून १९७६ रोजी खाली स्वच्छ पाण्याचे बारीक झरे दिसले. ५ जूनला सकाळी सातच्या सुमारास गढूळ पाणी दिसू लागले. भोक बुजविण्यासाठी पाठविलेले दोन बुलडोझर त्या भोकातच गेले. दुपारचे बारा वाजायला दोन-तीन मिनिटे असताना माथा कोसळला. दिवसाची वेळ होती, खालच्या गावांना सूचना गेली, म्हणून मृतांचा आकडा ११ वर थांबला.

डेल डाइक, टेटन आणि आपले पानशेत, तिन्हींत एक साम्य आहे: तिन्ही पहिल्याच भरणीत गेली. पानशेतच्या कामात घाई झाली, काम अपुरे असताना १९६१ च्या पावसाळ्यात पाणी साठले. तेथे पाणी सोडण्याच्या मोरीवरील भराव खचू लागला, जवानांनी रात्रभर वाळूच्या गोण्या रचल्या, आणि १२ जुलैला सकाळी खचलेल्या जागेवरून पाणी गेले. त्याच्या लोंढ्याने पुण्याजवळचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फुटले. मातीच्या भरावातून नेलेला नळ किंवा मोरी ही धरणातली सर्वांत नाजूक जागा. मोरीच्या कडेला रोलर पोहोचत नाही, माती नीट दाबली जात नाही, आणि पाण्याला दगड-मातीच्या सांध्याला धरून जायला आवडते. लहान तलाव पाहायला गेलात तर प्रथम मोरीचे तोंड पाहा.

मग जुने तलाव कसे टिकले, असा प्रश्न विद्यार्थी विचारतीलच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागांतील मालगुजारी तलावांना गाळणी नव्हती, टेरझागी नव्हता, तरी कोहळी समाजाने बांधलेले कित्येक तलाव शेकडो वर्षे धानाला पाणी देत आले. याचे एक कारण म्हणजे त्यांची पाळ बुटकी, पाण्याचा दाब थोडा. दुसरे, पाण्याबरोबर येणारा गाळ तळावर बसत जातो आणि पाणी झिरपण्याची वाटच कमी करतो. तिसरे कारण मात्र सांख्यिकीचे आहे आणि ते विसरू नये: जे तलाव फुटले ते आपल्याला दिसत नाहीत! शिवाय पाळीची दरवर्षी देखभाल करणारी माणसे गावातच होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ती जाणे योग्यच होते. पण तलाव सरकारकडे आले आणि पाळीवर फावडे घेऊन जाणारा हात कोणाचा, हे अनेक ठिकाणी अनिश्चित राहिले.

१९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमी योजनेतून महाराष्ट्रात हजारो पाझर तलाव बांधले गेले. त्या कामाने लाखो लोकांना जगविले, हे आधी मान्य करू. पण शास्त्राच्या दृष्टीने त्यात एक अडचण होती. लॉस एंजेलिसच्या आर. आर. प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखविले की माती सर्वांत घट्ट बसते ती ठरावीक ओलाव्यावरच. कोरडी माती कितीही चोपली तरी तिच्यात पोकळ्या राहतात. दुष्काळात पिण्यालाच पाणी नसताना भरावावर मारायला ते आणायचे कोठून? शिवाय आपली काळी माती पाणी अडवायला उत्तम, पण उन्हाळ्यात तडकणारी. म्हणून गाभ्यावर मुरुमाचे जाड पांघरूण घालतात. ते वाहून गेले, की मे महिन्यात माथ्याला भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी चढते ते त्या भेगांपर्यंत.

तिवऱ्यानंतर खेकड्यांची पुष्कळ चर्चा झाली. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरल्याचे सांगितले आणि त्यावर भरपूर विनोद झाले. आम्हांला विनोदापेक्षा हिशेबात अधिक रस आहे. वीस मीटर उंचीचे धरण घेऊ. पाण्याकडचा उतार तीनास एक, कोरड्या बाजूचा दोनास एक आणि माथा पाच मीटर रुंद. पायाशी त्याची जाडी साठ अधिक चाळीस अधिक पाच, म्हणजे १०५ मीटर. तेवढे आरपार बीळ कोणताही खेकडा करीत नाही. पण माथ्याजवळ जाडी पाच-सात मीटरच असते. तेथे खेकडे, उंदीर, घुशी यांची बिळे आणि मेलेल्या झाडाच्या कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या यांनी वाट बरीच आखूड होते, आणि पाणी तेथवर चढले की ती आखूड वाट कामी येते. म्हणून धरणावर झाडे वाढू देऊ नयेत आणि बिळे बुजवावीत असे देखभालीचे नियम सांगतात. तेव्हा खेकडा साथीदार असू शकतो. पण ज्या भरावावर त्याची बिळे वर्षानुवर्षे तशीच राहतात, तेथे चौकशी खेकड्यापाशी थांबवून चालत नाही.

जगभरातील मोठ्या मातीच्या धरणांच्या अपघातांचा ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. त्यात जवळपास निम्मी धरणे माथ्यावरून पाणी गेल्याने गेली आणि जवळपास तितकीच आतून पोखरली जाऊन. पहिल्या प्रकाराचे आपल्याकडचे भयंकर उदाहरण म्हणजे ११ ऑगस्ट १९७९ चे मोरवीजवळचे मच्छू-२. सांडव्याला न पेलणारा पूर आला आणि दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले. सांडव्यात वाढलेली झुडपे, मासे अडवायला लावलेले दगड, शेजारच्या शेतासाठी थोडी उचललेली कड, हे सारे लहान तलावाच्या बाबतीत तेच काम करते.

आता कायद्याविषयी थोडेसे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची केली. पण हा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू आहे. दहा ते पंधरा मीटरमधल्यांना लांबी, साठवण, पूर अशा काही अटी पुऱ्या झाल्या तरच. नऊ मीटर उंचीचा पाझर तलाव, खाली शाळा आणि तीस घरे असली तरी, त्याच्या कक्षेबाहेर राहतो. असे तलाव आपल्या राज्यात हजारोंनी आहेत. कोणता जिल्हा परिषदेचा, कोणता जलसंधारण खात्याचा, हे गावालाही नेमके ठाऊक नसते.

वेळीच पाहिले तर काय होते याचेही एक अलीकडचे उदाहरण आहे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात कारम नदीवरील मातीचे धरण अजून बांधून पुरे व्हायचे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच्या कोरड्या बाजूने पाणी येऊ लागले, भरावाची माती घसरू लागली. धरण वाचवायचे की माणसे, असा घोळ तेथे फार वेळ घातला गेला नाही. अठरा गावे रिकामी करण्यात आली, लष्कराला बोलावले गेले आणि यंत्रांनी बाजूने चर खोदून पाणी काढून देण्याचे काम सुरू झाले. १४ ऑगस्टच्या संध्याकाळी त्या चराने मोठे रूप घेतले आणि जलाशय रिकामा झाला. शेतांचे नुकसान झाले. माणूस एकही गेला नाही.

गावच्या तलावाखाली झरा असेल तर त्याचे पाणी दर आठवड्याला, जाणत्या माणसाबरोबर जाऊन आणि पाऊस कोसळत नसताना, एका काचेच्या बरणीत भरून आणावे. बरणी वर्गाच्या खिडकीत रात्रभर न हलवता ठेवावी. सोबत वहीत तारीख, जलाशयाची पातळी आणि ठरावीक बादली भरायला लागलेले सेकंद लिहावेत. बरणीच्या तळाला साका बसू लागला, किंवा पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली, तर ती वही घेऊन त्याच दिवशी सरपंच, तलाठी आणि पाटबंधाऱ्याचे उपअभियंता यांच्याकडे जावे. तोंडी सांगितलेली गळती 'थोडी' असते. तारीखवार लिहिलेल्या सेकंदांना तसे म्हणता येत नाही.